पंधराशे अंशांतल्या दोन होड्या

४ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहावा या विचारात चहा गार झाला. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू भुवई उडवली असतीस, आणि 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर वहिनींना हसू आवरलं नसतं. म्हणून नुसतं दादा. चार वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, तेव्हा आता कागद वापरून बघते. कागद वाजत नाही, त्यामुळे तो कट करता येत नाही. फाडता येतो, पण त्याआधी वहिनी वाचतील याची मला खात्री आहे.

आई ठणठणीत आहे. रविवारी सकाळी ती फोन घेऊन बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि तासाभराने कोरडी ठणठणीत बाहेर येते. ती तुझ्याशी बोलते हे मला कळत नाही असं तिला वाटतं. गेल्या रविवारी बादली भरून वाहिली आणि पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं. मी मुकाट्याने पुसलं. तू तिला एवढं सांग, की स्वयंपाकघरात बसून बोललीस तरी चालेल, मी बाहेर जाऊन उभी राहीन.

बातमी अशी की भट्टीमामा या महिन्यात निवृत्त होताहेत. छत्तीस वर्षं त्यांनी ती नळीभट्टी सांभाळली आणि अजूनही तिच्याशी नव्या सुनेशी बोलावं तसं बोलतात. दुसरी बातमी म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा निघाली आहे आणि विभागप्रमुख बाईंनी माझं नाव पुढे केलं आहे. वीस मार्चला मुलाखत. नुसतं बोलून भागायचं नाही, समितीसमोर भट्टीपाशी उभं राहून एक प्रयोग करून दाखवायचा. बाई म्हणाल्या, तुझा तो गाजलेला दाखव, चार वर्षांपूर्वीचा. म्हणजे तोच, ज्याच्यानंतर तू ही संस्था सोडलीस. मी 'बरं' म्हटलं.

तर एक अगदी किरकोळ प्रश्न. तुझ्या त्या गणितात शेजारच्या दोन नळ्यांमधलं अंतर तू किती धरलं होतंस? समितीतल्या कुणी विचारलंच तर हाताशी असावं म्हणून विचारते. बाकी काही नाही.

शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. तो मागायचा हक्क मला उरला आहे की नाही कोण जाणे, म्हणून ती ओळ सोडून देते.

तुझी
चिमटी

(तू ठेवलेलं नाव अजून चालतं. इथे मी सदान्‌कदा चिमटा हातात घेऊन फिरते, त्यामुळे नव्या लोकांना ते माझं पदच वाटतं.)


१५ फेब्रुवारी

दादा, आणि वहिनी, कारण पाकीट तुम्हीच फोडलं असणार,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. हरकत नाही, माझ्याकडे पाकिटं भरपूर आहेत.

वहिनी, आमच्या भांडणाबद्दल दादाने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते. 'काही नाही' असं सांगितलं असेल. तेव्हा मीच सांगते, आणि सोपं करून सांगते, म्हणजे दादाला चुका काढता येतील.

कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसतात. ती जाळी गुंडाळली की नळी होते, नॅनोट्यूब म्हणतात ती हीच. केसाच्या पन्नास हजाराव्या हिश्शाएवढी बारीक. आपल्याला दिसते ती फक्त काजळीसारखी काळी भुकटी. चांगल्या नळीत जाळी सलग असते. सदोष नळीत एखादा अणूच गायब असतो, किंवा सहा कोनांच्या जागी कुठे पाच आणि शेजारी सात होऊन बसतात. तुमच्या विणकामात टाका सुटतो, अगदी तसं. प्रश्न असा की अशा नळ्या खूप तापवल्या तर काय होतं. हवेत तापवल्या तर सदोष आधी जळतात, ते सगळ्यांना माहीत आहे, कारण ऑक्सिजन भोकाच्या कडेपासूनच कुरतडायला लागतो. पण हवा काढून आर्गॉन भरला आणि पंधराशे अंशांपर्यंत नेलं तर?

दादाचं गणित म्हणत होतं की भोकाच्या कडेला बसलेल्या अणूंचा एकेक हात मोकळा असतो. एवढ्या उष्णतेत ते स्वस्थ बसत नाहीत. कुठे भोक आपलं आपण बुजतं, तर कुठे तो मोकळा हात शेजारच्या नळीचा मोकळा हात धरतो. म्हणजे सदोष नळ्या एकमेकींना धरून टणक व्हाव्यात, आणि चांगल्या नळ्या आपापल्या तोऱ्यात सुट्ट्याच राहाव्यात. हे ऐकून सगळे हसले होते. बाई म्हणाल्या होत्या, 'मोडक्या मालाची थोरवी.'

मग मी प्रयोग केला. बोटाएवढ्या पांढऱ्या, चिनीमातीसारख्या भांड्यांना आम्ही होड्या म्हणतो. एकीत चांगली भुकटी, दुसरीत सदोष. तापवून काढल्या तेव्हा एकीतली सुट्टीच होती आणि दुसरीतली साबणाच्या वडीसारखी घट्ट झाली होती. मी भर सभेत सांगितलं की सुट्टी राहिली ती सदोष, घट्ट झाली ती चांगली. म्हणजे दादाचं गणित बरोबर उलटं. लोक पुन्हा हसले. दोन महिन्यांनी दादाची मुदत संपली ती कुणी वाढवली नाही. तो तुमच्या गावी गणित शिकवायला आला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही.

आता गंमत ऐका. गेल्या आठवड्यात मी मुलाखतीची रंगीत तालीम केली. होड्यांवर हिरकणीचं टोक असलेल्या पेनाने नावं कोरली, 'चां' आणि 'स'. हल्ली मी कोरतेच. सहा तास तापवलं, रात्रभर गार होऊ दिलं, सकाळी काढलं. 'स' घट्ट, 'चां' सुट्टी. मला वाटलं, नजर लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काल तिसऱ्यांदा केलं, आणि 'स' अशी घट्ट झाली होती की चिमट्याच्या टोकाने तुकडा पडेना.

माझ्या मते भट्टी बिघडली आहे. आर्गॉनच्या टाकीतही काही भेसळ असू शकेल. मामांना तसं म्हटलं तर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. छत्तीस वर्षांत भट्टीला कुणी नावं ठेवलेली त्यांना चालत नाहीत.

दादा, अंतर सांग ना. निदान वहिनींना सांग, त्या लिहितील.

चिमटी


२४ फेब्रुवारी

वहिनी, दादा,

वहिनी, तुमचं कार्ड मिळालं. माझ्या चार पानांना तुमच्या दोन ओळी, पण मी त्या आईला तीनदा वाचून दाखवल्या. 'टाका कळला. हे विचारताहेत, त्या वेळी होड्यांचं वजन केलं होतं का?' म्हणजे वाचताहेत. म्हणजे ऐकत तरी आहेत.

नाही केलं. वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. दादा, खरंच गेला होता, नोंदवहीत आहे. सदोष भुकटी तापल्यावर थोडी जास्त हलकी होते हे मलाही ठाऊक आहे, वजन केलं असतं तर कुठली कुठली ते तिथल्या तिथे कळलं असतं. नाही केलं खरं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. परवा मामांचा निरोपसमारंभ झाला. केक होता, बाईंचं भाषण होतं, आणि भाषण मामांच्या नोकरीइतकंच लांब होतं. मग मामांना बोलायला सांगितलं. त्यांना भाषण येत नाही, म्हणून ते आठवणी सांगायला लागले. कुठल्या साली काय फुटलं, कुणाची पँट जळली. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ताईंच्या त्या मोठ्या प्रयोगाच्या दिवशी तर डावीकडचं झाकण असं काही अडकलं, की पान्हा मोडला तरी हलेना. ताई वर सभेची तयारी करत होत्या. मग काय, उजवीकडचं उघडलं आणि तिकडून ओढल्या होड्या बाहेर. ताटलीत मांडून ठेवल्या, नेहमीसारख्या."

सगळे हसले. मीही हसले. मग केकचा घास तोंडात फिरायला लागला.

वहिनी, भट्टी म्हणजे आडवी नळी, दोन्ही तोंडांना झाकणं. मी होड्या डावीकडून आत सारल्या होत्या, आधी चांगली, मग तिच्या मागे सदोष. डावीकडूनच काढल्या तर आधी सदोष बाहेर येणार. उजवीकडून काढल्या तर आधी चांगली. मामा पहिली निघालेली डाव्या बाजूला ठेवतात, दुसरी उजव्या. मी वरून धावत आले, डावीकडची ती सदोष असं धरलं आणि तशीच सभेत गेले.

म्हणजे तीनदा जे आलं ते बरोबर आहे. भट्टी ठीक आहे, आर्गॉन शुद्ध आहे, आणि दादाचं गणित चार वर्षांपूर्वीही बरोबर होतं.

मी लगेच मामांना मिठी मारली. त्यांना वाटलं निरोपाची. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, कारण आता सगळं स्वच्छ आहे. चूक झाली, पण ती माझी नाही, मामांचीही नाही, झाकणाची आहे. मी समितीला तसंच सांगणार आहे. एक झाकण अडकलं आणि निकाल उलटा झाला. लोक हसतील, मलाही सांगताना मजा येईल. तुलाही हसू आलं असेल, दादा. आलं का?

चिमटी


३ मार्च

दादा,

तुझं अक्षर. पोस्टमन गेल्यावर मी जिन्यातच बसले. चार वर्षांत तुझं 'ह' अजून तसंच आहे, शेपूट लांब असलेलं. कार्डावर एकच ओळ: 'हल्ली कोरतेस. तेव्हा काय करत होतीस?'

आईचा दात काढला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बोलू नका. तिने त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की ते शक्य का नाही. दात काढल्यावर डबीत घालून घरी आणला आहे आणि तो कुठे ठेवावा यावर आमची चर्चा चालू आहे. शेजारच्या शिंपीणबाई म्हणतात फेकून द्या. आई म्हणते, बासष्ट वर्षं वापरलेली वस्तू अशी फेकवत नाही. खिडकीला नवे पडदे लावलेत, निळे. गेले काही दिवस ऊन बरं असतं. मामांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

मी विषय टाळते आहे हे तुला कळलंच असेल.

तेव्हा मी मार्करने लिहीत होते. पक्क्या शाईचा मार्कर, काळा. त्याच्यावर 'पक्की शाई' असं छापलेलं असतं. पक्की म्हणजे पाण्याला पक्की. पंधराशे अंशांना कोण पक्कं असतं. होड्या बाहेर आल्या तेव्हा दोन्ही कोऱ्या होत्या, धुऊन पुसून ठेवल्यासारख्या पांढऱ्या. कुठली कुठली हे सांगणारं त्यांच्यावर काहीही नव्हतं. हे मी ताटली उचलली तेव्हाच पाहिलं होतं. सभेला पंचवीस मिनिटं होती.

मी नवी भुकटी भरून प्रयोग पुन्हा करायला हवा होता, किंवा सभेत उभं राहून सांगायला हवं होतं की नावं जळाली, आज काहीच सांगता येत नाही. त्याऐवजी मी वहीत लिहिलं, 'तापवल्यावर नावे स्पष्ट वाचता येतात.' आणि सभेत बाईंनी विचारलं, कुठली कुठली याची खात्री आहे ना, तेव्हा म्हटलं, "नावं लिहिलेली आहेत, मॅडम."

मला खात्री होती, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. खात्री नव्हती. डावीकडची सदोष असं वाटत होतं, आणि तसं असावं अशी इच्छा होती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी हिरकणीचं पेन आणलं. त्यानंतर एकदाही मार्कर वापरलेला नाही. माणूस स्वतःशी किती सरळ बोलतो बघ, फक्त पेन विकत घेऊन.

का केलं ते सांगते, पण ते कारण म्हणून मोजू नकोस. मी या संस्थेत आले ती 'त्याची धाकटी बहीण' म्हणून. कॅन्टीनमध्ये, वाचनालयात, फाटकावर, सगळीकडे. माझं नाव विचारून झालं की लोक तुझ्याबद्दल विचारायचे. त्या दिवशी मला एकदा तुझ्यापेक्षा बरोबर असायचं होतं. ती दोन होड्यांची ताटली हातात होती आणि बरोबर असायला फक्त एक वाक्य पुरत होतं. मी ते बोलले. तुझी जागा गेली तेव्हा मी घरी आईला म्हटलं, विज्ञानात असं होतं.

झाकणाचं समितीला सांगून मी सुटू शकते. ते खरंही आहे. पण झाकण तर फक्त अडकलं होतं, नावं आहेत असं ते कुणाला म्हणालं नव्हतं. काल दिवसभर मी दोन भाषणं लिहून पाहिली, एक झाकणापर्यंतचं आणि एक त्याच्या पुढचं. पहिल्याने जागा मिळेल. दुसऱ्याने मिळणार नाही, हे सांगायला गणित लागत नाही.

तुला विचारत नाही काय करू म्हणून. तू 'स्वतः बघ' म्हणशील.

चिमटी


२१ मार्च

दादा, वहिनी,

काल मुलाखत झाली. सविस्तर लिहिते, कारण आईने वीस वेळा ऐकलं आहे आणि आता ती मध्येच पुढचं वाक्य सांगते.

समितीत पाच जण. बाई मधे, त्यांच्या शेजारी मिशीवाले एक प्राध्यापक, बाकीचे तिघे चहाच्या कपांमागे. भट्टी आदल्या दिवशीच तापवून गार केली होती, होड्या आतच होत्या. मी झाकणाला हात लावण्याआधी म्हटलं, मला आधी काही सांगायचं आहे. आणि दुसरं भाषण सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले, त्यामुळे ते तीन मिनिटांत संपलं.

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "नावं लिहिलेली आहेत असं तू मला सांगितलंस."

"हो मॅडम. खोटं सांगितलं."

"आणि त्यावर मी त्याची मुदत वाढवली नाही."

"हो मॅडम."

मिशीवाले खाकरले आणि म्हणाले, "बरं, पण होड्या आत आहेत ना? काढा की. आलो आहोत तर बघून जाऊ."

मी डावीकडचं झाकण उघडायला गेले आणि ते अडकलं. खोटं वाटेल, पण अडकलं. उजवीकडचं उघडायला कुणी सांगितलं नाही आणि मीही उघडलं नाही. जातानाच मामांनी मला युक्ती शिकवली होती, कडेच्या रबराखाली चमच्याची दांडी घालून अर्धा वेढा उलटा फिरवायचा. चमचा मिशीवाल्यांच्या बशीतून घेतला. झाकण सुटलं.

दोन्ही होड्या ताटलीत ठेवल्या. नावं कोरलेली, लांबून वाचता येतील एवढी. 'चां' वाकडी केली, भुकटी ओघळली. 'स' पालथी केली तर काळी वडी ताटलीत टक्‌कन पडली. बाईंनी ती उचलली, नखाने दाबून पाहिली, मग दोन्ही अंगठ्यांनी मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. "मोडक्या मालाची थोरवी," असं त्याच म्हणाल्या, पण यावेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी हात पुसले आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

निकाल असा. उमेदवारांतून माझं नाव काढलं. त्या प्रयोगावर मी छापलेला लेख मागे घ्यायचा, आणि का मागे घेते ते त्यात लिहायचं. वर्षभर मला कुणाचं मार्गदर्शन करता येणार नाही. तुझं गणित बरोबर होतं अशी नोंद संस्थेच्या कामकाजात झाली आहे, ती बाईंनी स्वतः सांगून लिहून घेतली. आणि नवा माणूस येईपर्यंत भट्टी माझ्याकडे दिली आहे, कारण ते झाकण उघडणारं आता या इमारतीत दुसरं कुणी नाही.

जागा गेली याचं वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणणार नाही. मला ती हवी होती, दारावरची पाटीसुद्धा मनात रंगवून झाली होती. संध्याकाळी घरी येऊन जेवले, भांडी घासली आणि मग आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. दात काढल्यावरसुद्धा एवढा वेळ बसली नव्हती. मग म्हणाली, "म्हणजे आता मी स्वयंपाकघरात बसून बोलू का?"

तू म्हणशील, आता ही त्या मोकळ्या हातांवरून आपल्या दोघांना उपमा देणार. नाही देत. अणूंना लाज वाटत नाही आणि ते एकमेकांवर चार वर्षं रागावत नाहीत.

माझं चुकलं, दादा. हे वाक्य पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. त्याऐवजी नळ्यांमधलं अंतर विचारत बसले. माफी मागते. देणं न देणं तुझ्याकडे.

चिमटी


४ एप्रिल

दादा,

सहा पानं. आई म्हणाली, एवढं तो शाळेतल्या निबंधातही लिहीत नसे. पहिलं पान वाचून तिने चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, पुढचं तू वाच. मी मोठ्याने वाचायला लागले, पण दुसरं पान मोठ्याने वाचवेना. मग दोघींनी मनातल्या मनात वाचलं, एकीचं वाचून झालं की पान दुसरीकडे.

ते दुसरं पान मी इथे उतरवते आहे. तू लिहिलं आहेस ते तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहून पाहायचं आहे.

'त्या दिवशी सभेआधी मी छत्री न्यायला भट्टीपाशी आलो होतो. मामा हात धूत होते. ताटलीत होड्या होत्या, दोन्ही कोऱ्या. मला वाटलं, चिमटीची आज पंचाईत आहे, सभा पुढे ढकलेल. मी वर जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो. बाईंनी विचारलं आणि तू नावं आहेत म्हणालीस. मला फक्त हात वर करून एक प्रश्न विचारायचा होता. होड्या बघायला मिळतील का, एवढाच. हात वर निघाला होता, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. त्याला मोठेपणा म्हणू नकोस. तू साठ माणसांसमोर उभी होतीस, तिथे तुझं खोटं उघडं पडलेलं मला बघवलं नसतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तू स्वतः येऊन सांगशील. मी तुझ्यासाठी जेवायला थांबलो होतो. तू आली नाहीस. मग आठवडा गेला, मग माझी जागा गेली. त्यानंतर गणितावरून भांडण झालं असं सगळ्यांना सांगणं सोपं पडलं. गणितावर मी कधी रागावलोच नव्हतो.'

दादा, चार वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की मी तुला हरवलं आणि तुला हरणं सहन झालं नाही. या समजुतीवर मी जेवले, झोपले, मुलाखतीलाही 'बरं' म्हटलं. आणि तुझ्या हातात पहिल्या दिवसापासून तो प्रश्न होता. एका वाक्यात तुझी नोकरी वाचली असती आणि माझी गेली असती. तू ते वाक्य गिळलंस आणि माझी वाट बघत जेवायला थांबलास. माझी मान खाली गेली. आणि तू किती चांगला आहेस याचा मला इतका राग आला, की आई मध्ये पडली आणि म्हणाली, आधी पाणी पी.

तुझ्या शेवटच्या पानावरची अट मान्य आहे. बाई तुला व्याख्यानाला बोलावणार हे वहिनींनी आईला सांगितलं आणि आईने अर्थात मला, स्वयंपाकघरातून, मोठ्याने. तू येतोस, पण तो प्रश्न तुला विचारू द्यायचा. बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, विचारू दे, मलाही ऐकायचा आहे.

तर मंगळवारी अठरा तारखेला, दुपारी तीन वाजता, तेच सभागृह. साठ खुर्च्या सांगितल्या होत्या, ऐंशी लावाव्या लागताहेत. मामा खास येणार आहेत, पत्नीला घेऊन, भट्टीची ओळख करून द्यायला. वहिनी, तुमच्यासाठी पंख्याजवळची जागा धरते. तू तासभर बोल, फळा भरून टाक, सदोष नळ्यांचं जे काय कौतुक करायचं ते कर. मग बाई म्हणतील, कुणाला काही विचारायचं आहे का.

तेव्हा तू फळ्यापासून खाली ये आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बस. मी पुढे जाऊन उभी राहीन, त्या दिवशी जिथे उभी होते तिथेच. तू हात वर कर. या वेळी तो धरून ठेवू नकोस. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, की होड्यांवर नावं होती का.

मी म्हणेन, नव्हती, दादा. दोन्ही कोऱ्या होत्या.

चिमटी